पात्राची पत्रिका आणि पात्राचे देव

मराठीत ‘पत्रिका’ हा शब्द अनेक घरी एकाच वेळी नांदतो. लग्नाची पत्रिका असते, नियतकालिकाची असते आणि जन्माची तर असतेच. यांपैकी शेवटची पत्रिका म्हणजे माणसाविषयीची संहिताच. ती त्याच्या जन्मवेळी लिहिली जाते आणि पुढे इतरांकडून, बहुधा त्याच्या पाठीमागे, वाचली जाते. रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात प्रत्येक खेळाडूपुढे जो कागद असतो, ज्याला खेळाडू ‘कॅरेक्टर शीट’ म्हणतात, त्याला मराठीत ‘पात्राची पत्रिका’ म्हणावे असे मला सुचवावेसे वाटते. या कागदावर पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी ही अंकांत मांडलेली असतात, आणि काही खेळांत तर एका रकान्यात त्याची जन्मराससुद्धा लिहिलेली असते. प्रस्तुत लेखाचा विषय हा रकाना आहे. कथनात्म वाङ्मयातील व्यक्तिरेखेच्या घडणीचा एक जुना प्रश्न या रकान्यात अगदी उघड्या रूपात पाहायला मिळतो, म्हणून त्याची दखल वाङ्मयसमीक्षेने घेणे युक्त ठरेल.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगायला हवे. चार-सहा जण एका मेजाभोवती बसतात. त्यांच्यापैकी एक सूत्रधार असतो. जग, प्रसंग आणि इतर सारी माणसे तो उभी करतो. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र होतात आणि आपले पात्र काय करते, काय बोलते हे सांगत जातात. जिथे यशापयश अनिश्चित असते तिथे फासे टाकले जातात. संहिता आधी नसते. ती बोलता बोलता तयार होते आणि उठल्यावर विरून जाते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला तो समजावून सांगणे तुलनेने सोपे जाते, कारण दंडारीतल्या गमतीत संवाद असेच उभ्या उभ्या जुळवले जातात. फरक एवढाच, की दंडारीत फासे नसतात.

आणि हा फरक लहान नाही. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ मध्ये खेळांची जी मीमांसा केली तीत खेळांची चार तत्त्वे कल्पिली आहेत: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. यांतील काही तत्त्वे परस्परांशी सहज जुळतात, पण सोंग आणि दैव यांची जोडी त्याला असंभवनीय वाटली. त्याचा युक्तिवाद उघड आहे: फाशाने दिलेला कौल स्वीकारायला जो बसला आहे त्याने सोंग कोणासाठी आणायचे? फासा फसत नाही. सोळा वर्षांनी आलेल्या या खेळाने नेमकी हीच दोन तत्त्वे एका कागदावर आणली. मराठीत सोंग आणि सोंगटी हे शब्द पूर्वीपासून शेजारी आहेत. त्यांच्या व्युत्पत्तीचा वाद जाणकारांवर सोपवू. पण या खेळातला खेळाडू एकाच वेळी सोंग घेतो आणि सोंगटीही असतो, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे विवेचन सुकर होईल. जन्मराशीचा रकाना हा या दोहोंमधला सांधा आहे. फाशाने पडलेले दैव सोंगाच्या स्वभावात उतरवण्याचे काम त्याच्याकडे दिलेले असते.

ते काम तो कसे करतो? १९७७ च्या ‘शिव्हलरी अँड सॉर्सरी’ या मध्ययुगीन वळणाच्या खेळात पात्राच्या जन्मवेळचे ग्रहमान विचारात घेतले गेले होते. कॅनडातील एन. रॉबिन क्रॉस्बी यांच्या ‘हार्नमास्टर’ने (१९८६) ही कल्पना अधिक काटेकोर केली. त्या काल्पनिक जगाचे वर्ष तीस-तीस दिवसांच्या बारा महिन्यांचे आहे. फासे टाकून जन्मतिथी काढायची, तिथीवरून बारांपैकी एक सूर्यरास ठरवायची, आणि त्या राशीनुसार पात्राच्या निरनिराळ्या कौशल्यांत अंक मिळवायचे किंवा वजा करायचे. झाड, लोहार, गरुड अशी त्या राशींची चिन्हे आहेत. लोहाराच्या राशीला जन्मलेल्याचा हात धातुकामात बरा चालावा हे ओघानेच आले. संगणकावरील ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) अशा तेरा जन्मखुणा होत्या, योद्धा, जादूगार आणि चोर या तीन रक्षक तारकासमूहांभोवती प्रत्येकी तीन, आणि तेरावा आकाशात कुठेही स्थिर नसलेला सर्प. येथे तर फासाही उरला नाही. खेळाडूने आपल्या पात्राचा जन्म केव्हा झाला हे स्वतःच निवडायचे. घोड्याची रास निवडली की पायांना वेग मिळे.

वरकरणी रम्य वाटणाऱ्या या योजनेत एक दोष आहे आणि तो वाङ्मयीन आहे. रास येथे विशेषण म्हणून येते. ती पात्राला ‘चपळ’ करते, ‘कणखर’ करते. पात्राकडून ती काही मागत नाही. एकदा अंक मिळवला की राशीचे काम संपते आणि पाचव्या-सहाव्या बैठकीत कोणाची रास कोणती होती हे मेजावर कोणालाच आठवत नाही. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्हक उरतो, चिन्हित अंकात विरघळून जातो. याचा पुरावा त्याच मालिकेतल्या पुढच्या खेळाने दिला. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) जन्मखूण हा भागच काढून टाकला आणि तिच्या जागी रानोमाळ उभे असलेले तेरा दगड आले. ज्या दगडाला हात लावावा त्याचा गुण मिळतो. कंटाळा आला तर दुसऱ्या दगडापाशी जावे. जन्म बदलता येऊ लागला याविरुद्ध खेळाडूंनी बंड केल्याचे दिसत नाही. रास मुळातच अलंकारासारखी होती, ती काढून ठेवण्याची सोय झाली इतकेच.

ही रास येते कुठून हेही पाहण्यासारखे आहे. ती होराशास्त्राच्या पोथीतून फारशी आलेली नाही. वर्तमानपत्रातून आली आहे. १९३० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या राजघराण्यात राजकन्या मार्गारेट जन्मली, ‘संडे एक्स्प्रेस’ने आर. एच. नेलर यांच्याकडून तिचे भविष्य लिहवून घेतले, आणि तेथून जन्मतारखेवरून बारा राशींत जगाची वाटणी करणारी स्तंभपरंपरा वाढली. ॲडोर्नोने १९५२-५३ मधील लॉस एंजेलिसच्या एका दैनिकातील असा स्तंभ तपासला होता आणि तो वाचकाला कसा घडवतो हे दाखवले होते. आपल्याकडे परंपरेने रास धरतात ती चंद्राची. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, एकंदर एकशे आठ. चरणावरून नावाचे आद्याक्षर. म्हणजे आपल्या परंपरेत पत्रिका मुलाला पहिल्यांदा नाव देते आणि गंमत अशी, की ते राशीचे नाव बहुतेकांच्या बाबतीत कागदावरच राहते, हाकेला दुसरेच नाव येते. पात्राला दोन नावे असावीत, एक दैवाने दिलेले आणि एक माणसांनी दिलेले, ही कल्पना कोणा खेळकर्त्याला सुचली असती तर किती कथा निघाल्या असत्या!

ज्योतिष खरे की खोटे हा प्रश्न येथे उपस्थित केलेला नाही. तो ज्यांना पडतो त्यांनी जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात घेतलेली चाचणी पाहावी. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या होत्या; उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणेफेकीच्या जवळपास. (सत्तावीस हा आकडा नक्षत्रांचाही आहे, हा निव्वळ योगायोग.) जी गोष्ट वस्तुस्थिती म्हणून टिकत नाही ती कथनाचे साधन म्हणून टिकू शकते, पुराणे, लोककथा आणि नाटके यांचा निम्मा संसार अशाच गोष्टींवर चालतो. प्रश्न एवढाच, की ती साधन म्हणून काय करते.

या प्रश्नाचे उत्तर मराठी घरात, भिंतीला खिळ्यावर अडकवलेल्या पंचांगात आहे. पंचांगातले गुणमेलनाचे कोष्टक हे माझ्या मते कोणत्याही खेळाच्या नियमपुस्तकाइतकेच पक्के अंकशास्त्र आहे. वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, राशिकूटाचे सात, नाडीचे आठ, एकूण छत्तीस. अठरा जुळले तर बोलणी पुढे सरकतात. सत्तावीस नक्षत्रांची देव, मनुष्य आणि राक्षस या तीन गणांत नऊ-नऊ अशी वाटणी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्राची नैतिक बाजू आरंभी तीन घरांत विभागली होती: सुव्यवस्था, तटस्थता, अनागोंदी. हे साम्य कोणाच्याही डोळ्यांत भरेल. पण साम्यापाशी थांबलो तर मुख्य गोष्ट निसटेल. खेळातला अंक एका पात्राच्या कागदावर असतो. पंचांगातला अंक कोणा एकाच्या कागदावर नसतोच. तो दोन पत्रिका शेजारी ठेवल्यावरच जन्माला येतो. एकटा माणूस छत्तीसपैकी किती, हा प्रश्न निरर्थक आहे.

नक्षत्रदोषाचेही तेच. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेवरची सासूला, ज्येष्ठेवरची थोरल्या दिराला, विशाखेवरची धाकट्या दिराला असे सांगितले जाते. मुलगी स्वभावाने कशी, ती रागीट की शांत, याविषयी हा दोष काही बोलत नाही. तो तिच्या नात्यांविषयी बोलतो, आणि तेही अजून न झालेल्या नात्यांविषयी. सावंतवाडीच्या रंगवलेल्या गंजिफांत बारा राशींचाही एक संच असतो. गंजिफांच्या खेळात पानाचे बळ हाती आलेल्या इतर पानांवर, आणि दशावतारी संचात तर खेळ दिवसा चालला आहे की रात्री यावर अवलंबून असते; दिवसा रामाचे पान आधी, रात्री कृष्णाचे. आपल्या खेळांनी आणि आपल्या अंधश्रद्धांनी, दोघांनीही, चिन्हाचा अर्थ संबंधांत शोधला आहे.

या मताची कसोटी एखाद्या मोठ्या संहितेवर घ्यावी म्हणून वाल्मीकीच्या बालकांडाकडे वळतो. चारही राजपुत्रांच्या जन्मवेळचे नक्षत्र आणि लग्न तेथे दिलेले आहे. राम पुनर्वसूवर, कर्क लग्नी. भरत पुष्यावर, मीन लग्नी. आणि सुमित्रेचे दोघे मुलगे, लक्ष्मण व शत्रुघ्न, एकाच आश्लेषा नक्षत्रावर, कर्क लग्नावर. पत्रिका एकच. आजच्या खेळकर्त्याने या दोघांच्या कागदांवर एकच अंक लिहिले असते. मग लक्ष्मण हा लक्ष्मण आणि शत्रुघ्न हा शत्रुघ्न कशाने झाला? एक रामामागे गेला आणि दुसरा भरतामागे, एवढ्यानेच. बालपणापासून कोण कोणाच्या पाठीशी उभा राहिला, या एका निवडीतून दोन अगदी भिन्न व्यक्तिरेखा निर्माण झाल्या: एक चौदा वर्षे वनात, दुसरा चौदा वर्षे नंदिग्रामाच्या सावलीत. एकाच राशीचे हे दोन अर्थ कवीने कुठेही समजावून दिलेले नाहीत. ते कथेच्या संरचनेतच वाचावे लागतात. तळटीप म्हणून आणखी एक गोष्ट. पुढच्या काळातल्या गणविभागाप्रमाणे आश्लेषा राक्षसगणी ठरते. हा विभाग रामायणावर लादणे कालविपर्यासाचे होईल हे मला ठाऊक आहे. पण लक्ष्मणासाठी स्थळ पाहायला आजचा एखादा मध्यस्थ गेला असता तर काय उत्तर घेऊन परतला असता, ही कल्पना मनातून जात नाही.

येथवरचे विवेचन पुस्तकांवर आणि पंचांगावर उभे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत (१९८२ च्या ऑगस्टपर्यंत हा एकच जिल्हा होता) शिकवणाऱ्या माणसाला मात्र ते तिथेच सोडता येत नाही, कारण येथे जन्मखुणेची आणखी एक व्यवस्था जिवंत आहे आणि तिचा आकाशाशी फारसा संबंध नाही. गोंडांचे आकाश आहे, ते मोठे सुंदर आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून केलेल्या नोंदी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत सप्तर्षींच्या चौकोनाची खाट आहे आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांचे ती पळवणारे तीन चोर. मृगाच्या जागी नांगर आहे. चंद्राभोवतीच्या खळ्यावरून पावसाचा अंदाज आहे. घरातल्या आणि शेतातल्या वस्तू वर नेऊन ठेवलेले हे आकाश कामाचे आहे. पेरणी केव्हा करावी ते त्याला विचारतात. मूल कसे निघेल हे विचारण्याची ती जागा नव्हे.

मूल कोणाचे, हे मात्र देवांच्या संख्येवरून कळते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी गोंड समाजाची विभागणी आहे. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी शेजारच्या आदिलाबादेतील राजगोंडांविषयीच्या १९४८ च्या ग्रंथात या विभागांचे, म्हणजे सगांचे, तपशीलवार वर्णन केले आहे. मराठीत व्यंकटेश आत्राम यांचे ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ आणि हिंदीत मोतीरावण कंगाली यांचे लेखन या विषयावर आवर्जून पाहावे असे आहे. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक नाही. ज्यांचे देव निराळे ते सोयरे होऊ शकतात. गोत्रागोत्राला आपले झाड, आपला प्राणी असतो आणि त्याला इजा करायची नसते. दोन अनोळखी माणसे बाजारात भेटली की आडनावावरून देव कळतात आणि देवांवरून एकमेकांशी कसे बोलायचे ते ठरते. लेवी-स्त्रोसने १९६२ मध्ये कुलचिन्हांविषयी जे प्रतिपादन केले ते येथे आठवते: अस्वलकुळाचा माणूस अस्वलासारखा असतो असा त्या चिन्हाचा दावा नसतो; अस्वल आणि गरुड जसे परस्परांहून वेगळे, तशी ही दोन कुळे परस्परांहून वेगळी, एवढेच ते सांगते. साम्य माणूस आणि प्राणी यांच्यात नसते. ते दोन भेदांच्या मांडणीत असते. ‘हार्नमास्टर’च्या लोहारराशीने नेमके उलटे केले. तिने माणसाला चिन्हासारखे करून टाकले.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असतो तर ते तेवढेच राहिले असते. गेली दोन वर्षे पदव्युत्तर वर्गातल्या काही विद्यार्थ्यांबरोबर मी तासिकेबाहेर हा खेळ खेळतो आहे. मुले सिंदेवाही, मूल, धानोरा, एटापल्ली अशा भागांतून येतात. जग त्यांनीच रचले: साग, मोह आणि तेंदूच्या रानातले एक राज्य, ज्याच्या परकोटाची आखणी एका सशाने केली आहे. (चंद्रपूरच्या खांडक्या बल्लाळशहाची दंतकथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ससा कुठून आला ते सांगायला नको. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करतो आणि त्या वाटेवर पुढे तट उभा राहतो. राजाच्या या कथेतही खूण राजाच्या पत्रिकेत नाही, सशाच्या कपाळावर आहे.) पहिल्या बैठकीत परदेशी नियमांच्या धर्तीवर जन्मराशीचा रकाना ठेवला होता. सर्वांनी फासे टाकले. एका मुलीने रकाना कोरा ठेवला. विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘माझं मूळ नक्षत्र आहे, सर. घरी ते दोनदा मोजून झालंय. इथं पुन्हा नको.’’

विलायतेतल्या मेजावर रास हा खेळ होऊ शकतो, कारण तेथे तिच्यामुळे सहसा कोणाचे लग्न मोडत नाही. तिचा सामाजिक अधिकार बराच आधी ओसरला आणि मग ती शोभेची झाली. येथे तो अधिकार ओसरलेला नाही. मूळ, आश्लेषा किंवा मंगळ हे शब्द कागदावर उतरले की खेळाचे रिंगण, ज्याला हाउझिंगाने १९३८ मध्ये रोजच्या जगापासून वेगळे काढलेले रिंगण म्हटले, तेच फुटते. अनुवादित नियमांची ही अडचण भाषेची नाही. ‘स्कॉर्पिओ’ला ‘वृश्चिक’ म्हणणे बरोबरच आहे, पण पहिल्या शब्दामागे सकाळच्या चहाबरोबर वाचायचा स्तंभ आहे, तर दुसऱ्यामागे मुलीच्या आईची झोप उडालेली रात्र. आपल्याकडे अद्भुतरम्य खेळ आणि कादंबऱ्या मराठीत आणू पाहणाऱ्या तरुणांनी या फरकाचा विचार केलेला मला तरी आढळला नाही. राशी हे ‘आपलेच’ साहित्य म्हणून ते निःशंकपणे वापरतात.

त्याच बैठकीत एटापल्लीकडच्या एका मुलाने शेजाऱ्याच्या कागदात डोकावून विचारले, ‘‘राशी राहू दे. याचे देव किती?’’ प्रश्न थट्टेचा होता. पण प्रश्न पडताच मेजावरचे सगळे कागद आपोआप मधोमध सरकले, कारण या प्रश्नाचे उत्तर आपल्याच कागदात पाहून देता येत नव्हते. राशीचा रकाना खोडला. चार ते सात यांतला एक आकडा प्रत्येकाने फाशाने घेतला. झाले असे, की राजाच्या धान्यकोठारावर डल्ला मारायला निघालेला चोर आणि त्या कोठारावरचा पहारेकरी या दोघांचेही देव सहा निघाले. आदल्या आठवड्यात ही दोन पात्रे परस्परांचे वैरी म्हणून आखलेली होती. आता ते भाऊ झाले. पहारेकऱ्याने भाल्याचा फासा टाकायचा की नाही, यावर पाऊण तास वाद झाला. चोराच्या खेळाडूने चोरी सोडली नाही, पण पहारेकऱ्याच्या घरी जेवायला बसणे त्याला भाग पडले, आणि तिथे ज्या थाळीत वाढले ते धान्य कोठारातलेच होते. सूत्रधार म्हणून मी जे कथानक योजून गेलो होतो त्यातले काहीही त्या रात्री घडले नाही. एका आकड्याने कोणालाही बळकट किंवा चपळ न करता सर्वांना काहीतरी करायला लावले. रास विशेषण असते. देव क्रियापद ठरले.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ही जन्मजात बंधनेच आहेत. मूळ नक्षत्र जाचक आणि देवसंख्या निरागस, असे म्हणणे हा आदिवासी जीवनाविषयीचा भाबडेपणा होय. आक्षेप योग्य आहे. समदेवी मुलामुलीने मन जुळवले तर तिथेही घर फुटते. मी व्यवस्थेची भलामण करत नाही. दोन चिन्हांच्या कथनक्षमतेची तुलना करतो आहे. तरीही एक भेद उरतोच. मुळाचा दोष एकाच बाजूने चालतो. मुलगी सासऱ्याला ‘वाईट’ ठरते, सासऱ्याची पत्रिका सुनेला वाईट असल्याचे कोणी सांगत नाही. भाऊपण दोन्हीकडून सारखेच बांधते. कथेला दुसऱ्या प्रकारचे चिन्ह अधिक उपयोगाचे, कारण त्यात दोन्ही पात्रांना गमावण्यासारखे काही असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो माझ्या विद्यार्थ्यानेच घेतला. दुसऱ्या बैठकीला तो म्हणाला, आकडे घ्या, पण देवांची नावे आणि गोत्रांची झाडे घेऊ नका. ती खेळायची नाहीत. पेरसापेन हे कोणाच्या तरी घरचे आहेत, आणि जे पंचांगाच्या बाबतीत त्या मुलीला जाणवले तेच उलट्या बाजूने त्याला जाणवत होते. एकीला आपली खूण मेजावर नको होती कारण तिने जाच सोसला होता. दुसऱ्याला नको होती कारण ती पूज्य होती. दोघांचा नकार मान्य करणारा नियम आम्हांला करावा लागला: चिन्हे कल्पित, नाती खरी. कागदावर आता ‘सहा’ असे लिहिले जात नाही. ‘मोहाचे’, ‘पळसाचे’, ‘तळ्याकाठचे’ अशी मुलांनीच जुळवलेली घराणी आहेत आणि प्रत्येक घराण्यापुढे भाऊ कोण, सोयरे कोण, कोणाच्या घरचे पाणी आधी प्यायचे एवढेच नोंदलेले आहे. गुणांचे अंक फाशावर सोडले आहेत. ज्या मुलीने रकाना कोरा ठेवला होता ती तळ्याकाठची झाली, आणि तिच्या पात्राचा सासरा सध्या तिच्याच शब्दावर चालतो.

मराठी समीक्षेने अद्भुताला कधी फारसे जवळ केले नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या वाट्याला इतिहासात जागा आली, आदर क्वचितच आला. आणि राजवाड्यांच्या १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधापासून आपण अद्भुताकडून वास्तवाकडे जाण्यालाच वाढ मानत आलो. त्या कादंबऱ्यांतील पात्रे ठोकळेबाज आहेत हे खरेच. पण त्यांचा ठोकळेबाजपणा अद्भुतामुळे आलेला नसून त्यांच्या नायक-नायिकांच्या अंगी गुण फार आणि नाती थोडी असल्यामुळे आला आहे, असे आता मला वाटू लागले आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खेळातला एक पेच अजून सुटलेला नाही. पात्र मेले की त्याची पत्रिका फाडायची, हा सर्वत्र रूढ असलेला संकेत. भामरागडकडच्या माडिया वस्त्यांत मेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात. माणूस जातो, घराण्यातली त्याची जागा जात नाही. मागच्या महिन्यात पळसाच्या घराण्यातले एक पात्र नदीला आलेल्या पुरात गेले. कागद फाडायला कोणी तयार होईना. त्या खेळाडूने नवे पात्र घेतले, पण ते कोणत्या घराण्यात जन्मावे, आणि मेलेल्याचे जे भाऊ होते ते याचे कोण, यावर मुले अजून भांडत आहेत.